एका बदलाचा माग : कथा, चित्रपट आणि त्यांचं परीक्षण

कथेवर किंवा कादंबरीवर बेतलेल्या चित्रपटाचं परीक्षण लिहिणाऱ्यावर दुहेरी जबाबदारी असते. त्याच्यासमोर दोन स्वतंत्र कलाकृती असतात आणि त्या दोहोंच्या मध्ये कुणीतरी विचारपूर्वक घेतलेले असंख्य निर्णय असतात. कोणता प्रसंग ठेवला, कोणता गाळला, एकाच्या तोंडचं बोलणं दुसऱ्याकडे का गेलं, गोष्ट कुठून सुरू झाली आणि कुठे थांबली. हे निर्णय ओळखायचे, त्यांच्यामागचा विचार शोधायचा आणि त्या विचाराचं मोल ठरवायचं, एवढं काम या परीक्षणाला करायचं असतं. या पुस्तकातले सगळे लेख त्या एका कामाबद्दल आहेत. महाविद्यालयांत, फिल्म सोसायट्यांत, वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत नव्यानं लिहू लागलेली मुलंमुली ते लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर होती.

मराठी चित्रपटाचं साहित्याशी नातं मूकपटाच्या काळापासूनचं आहे. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून बाबूराव पेंटर यांनी १९२५ मध्ये 'सावकारी पाश' केला. आपट्यांच्याच 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी प्रभातसाठी १९३७ मध्ये 'कुंकू' केला आणि जरठ-बाला विवाहाचा प्रश्न घरोघरी पोचवला. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'वरचा आचार्य अत्रे यांचा चित्रपट १९५३ चा. राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. पुढे जब्बार पटेल यांनी गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून 'जैत रे जैत', अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून 'सिंहासन' आणि शांता निसळ यांच्या 'बेघर'वरून 'उंबरठा' केला. अमोल पालेकरांचा 'बनगरवाडी', रवी जाधव यांचा 'नटरंग', सुजय डहाके यांचा 'शाळा', दि. बा. मोकाशींच्या कथेवरचा सुमित्रा भावे यांचा 'दिठी', अशी ही परंपरा आजवर चालत आली आहे. तिच्यावरचं लेखन मात्र बहुतेक वेळा दोन ठरीव निकालांपाशी येऊन थांबतं. 'दिग्दर्शकानं मूळ कलाकृतीला न्याय दिला आहे' हा एक, आणि 'पुस्तकाची सर चित्रपटाला नाही' हा दुसरा.

दोन्ही निकालांमागे प्रेम असतं, हे मला मान्य आहे. लहानपणी वाचलेल्या पुस्तकातली माणसं आपल्या मनात घर करून बसलेली असतात आणि पडद्यावर ती वेगळी दिसली की आत काहीतरी दुखावतं. या दुखावण्याची टिंगल करण्याचं काहीच कारण नाही. उलट चांगल्या परीक्षणाची सुरुवात पुष्कळदा तिथूनच होते. अडचण होते ती परीक्षण तिथेच संपलं तर. मग निकालाच्या पुष्टीसाठी फरकांची यादी येते. पुस्तकात नायकाला दोन बहिणी आहेत, चित्रपटात एकच. पुस्तकात शेवट पावसात आहे, चित्रपटात उन्हात. शिक्षकाचं पात्र गाळलं आहे, एक गाणं वाढवलं आहे. ही यादी कितीही लांबवली तरी तिच्यातून अर्थ निघत नाही, कारण यादीत प्रत्येक फरक सुटा पडतो आणि सगळे फरक सारख्याच वजनाचे दिसतात.

माझं म्हणणं साधं आहे आणि हे पुस्तक त्यावरच उभं आहे. दहा बदल नोंदवण्यापेक्षा एक बदल निवडावा आणि त्याचा माग शेवटपर्यंत काढावा. तो का करावासा वाटला असेल? तो केल्यामुळे आणखी काय काय बदलावं लागलं? त्यातून काय मिळालं आणि काय हातचं गेलं? माग नीट काढला तर तो चित्रपटाच्या गाभ्यापर्यंत नेतो. शिवाय मूळ कथेबद्दल, अनेकदा वाचूनही न सुचलेलं असं काहीतरी हाती देतो.

हे कसं करायचं ते एका उदाहरणातून सविस्तर दाखवतो. प्रेमचंदांची 'शतरंज के खिलाड़ी' ही कथा १९२४ ची, आणि तिच्यावरचा सत्यजित राय यांचा त्याच नावाचा चित्रपट १९७७ चा. काळ १८५६ चा, स्थळ लखनौ. मिर्झा सज्जाद अली आणि मीर रोशन अली हे दोन जहागीरदार बुद्धिबळात इतके बुडालेले आहेत की घरात काय चाललं आहे आणि राज्याचं काय होत आहे, याची त्यांना शुद्ध नाही. घरी खेळणं अशक्य झालं तेव्हा ते गोमतीपलीकडच्या एका ओसाड मशिदीत पट मांडतात. कंपनीची फौज त्यांच्यासमोरून शहराकडे जाते, नवाब वाजिद अली शाह रक्ताचा थेंब न सांडता कैद होतो, आणि यांचा डाव चालूच राहतो. मग एका चालीवरून वाद होतो, वाद खानदानावर जातो, तलवारी उपसल्या जातात आणि दोघंही एकमेकांच्या हातून मरतात. ज्यांच्या डोळ्यांत आपल्या बादशहासाठी पाणी आलं नाही, त्यांनी पटावरच्या वजिरासाठी प्राण दिले, हे प्रेमचंद स्पष्ट शब्दांत सांगतात.

राय यांच्या चित्रपटात दोघं मरत नाहीत. तलवारींच्या जागी एक पिस्तूल येतं. मिर्झांनी मीरच्या बायकोच्या वागण्यावरून टोमणा मारल्यावर मीर ते उचलतो. त्याच वेळी फौज आल्याची आरोळी ऐकू येते, पिस्तूल उडतं आणि गोळी मिर्झांच्या शालीला चाटून जाते. थोड्या वेळानं दोघं पुन्हा समोरासमोर बसतात आणि नवा डाव मांडतात. या वेळी खेळ इंग्रजी पद्धतीचा, जलद चालींचा.

शेवट बदलला एवढंच लिहून थांबणारा परीक्षक इथे थांबेल. माग काढणाऱ्याला आता उलट दिशेनं चालावं लागतं. अखेरचा डाव इंग्रजी पद्धतीचा व्हायचा तर ती पद्धत प्रेक्षकाला आधी माहीत हवी. म्हणून चित्रपटाच्या सुरुवातीच्या भागात मुन्शी नंदलाल येतात आणि या दोघांना समजावून सांगतात की साहेबांच्या खेळात वजिराच्या जागी राणी असते, प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरं पुढे जाता येतं आणि त्यामुळे डाव लवकर निकाली लागतो. मूळ कथेत नंदलाल नाहीत. सुरुवातीला हा प्रसंग हलकाफुलका, माहितीवजा वाटतो. अखेरीस तोच चित्रपटाचं सगळं वजन उचलतो, कारण राणीनं वजिराला बाजूला सारलं हे पटावर घडतं तसंच लखनौमध्येही घडलेलं असतं.

माग आणखी मागे नेला की सगळ्यांत मोठा बदल सापडतो. प्रेमचंदांच्या कथेत नवाब हा लांबून कळणारी बातमी आहे. त्याची मिरवणूक दुरून जाते आणि गोष्ट खेळाडूंपाशीच राहते. राय यांनी वाजिद अली शाहला पडद्यावर आणलं, त्याच्यासमोर रेसिडेंट जनरल औट्रॅमला उभं केलं, आणि दोन खेळाडूंच्या गोष्टीला समांतर अशी एका राज्याची गोष्ट रचली. अमजद खान यांचा वाजिद अली गातो, नाचतो, कविता रचतो. आपल्याला राज्य करता आलं नाही हे त्याला कळतं, आणि अखेर तो मुकुट उतरवून औट्रॅमसमोर धरतो. रिचर्ड ॲटनबरो यांचा औट्रॅम त्या मुकुटाकडे पाहून अवघडतो, कारण त्याला हवी असते करारावरची सही. कथा लहान होती म्हणून भर घातली, एवढंच याचं स्पष्टीकरण देता येणार नाही. नवाब समोर आल्यामुळे शेवट बदलणं भाग पडलं, असं मला वाटतं. राज्य विनारक्तपात गेल्याचं प्रेक्षकानं डोळ्यांनी पाहिल्यावर दोन जहागीरदारांचे मृतदेह दाखवले असते तर कुणीतरी किंमत मोजली, हिशेब चुकता झाला, असा भास झाला असता. चित्रपटाला तो दिलासा द्यायचा नव्हता. त्यातली माणसं लाज गिळून जगत राहतात आणि नव्या धन्याच्या नियमांनी खेळू लागतात.

आता कथेकडे परत जावं. प्रेमचंदांनी दोघांना मारलं, पण मारताना त्यांच्या अंगातलं शौर्य नाकारलं नाही. हे विलासी होते पण भित्रे नव्हते, असंच ते म्हणतात. शौर्य आहे आणि ते नको तिथे खर्ची पडतं, ही कथेची वेदना आहे. असहकाराच्या हाकेला ओ देऊन १९२१ मध्ये सरकारी नोकरी सोडलेल्या लेखकाची ती वेदना होती. आपल्या लोकांपाशी बळ आहे, त्याला दिशा नाही, हे त्याला आपल्या वाचकांना सांगायचं होतं. राय यांच्या मिर्झा आणि मीर यांच्याकडे ते बळही उरलेलं नाही. पिस्तूल उडतं तेसुद्धा दचकून. चित्रपटात प्रेमचंदांचा संताप कमी झाला हे खरं, आणि ज्या वाचकाला तो संताप प्रिय आहे त्याची तक्रार रास्त आहे. मात्र त्याच्या जागी पराभवानंतरच्या जगण्याचं एक दीर्घ, अस्वस्थ करणारं चित्र आलं आहे. माझा कौल चित्रपटाच्या शेवटाच्या बाजूनं आहे, कारण आधीच्या प्रत्येक प्रसंगानं त्याची तयारी केली आहे. दुसऱ्या कुणाचा कौल उलट पडू शकतो. तो कोणत्या प्रसंगावर उभा आहे हे त्यानं दाखवलं की आमची चर्चा खऱ्या अर्थानं सुरू होईल.

अशी चर्चा या चित्रपटाबद्दल प्रत्यक्ष घडलीही. १९७८ मध्ये मुंबईहून निघणाऱ्या 'इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया'त राजबन्स खन्ना यांनी राय यांच्या वाजिद अलीवर कडक टीका केली. इंग्रज लेखकांनी रंगवलेला दुबळा, विलासी नवाबच राय यांनी पुन्हा उभा केला, असा त्यांचा आक्षेप होता. राय यांनी त्याच साप्ताहिकात उत्तर दिलं, आपण कोणती साधनं अभ्यासली ते सांगितलं, आणि चित्रपटातले प्रसंग पुढे करून आपला नवाब तसा नाही असं मांडलं. नव्या परीक्षकांनी या वादाचा अभ्यास करावा असं मला मनापासून वाटतं. दोन्ही बाजूंनी इतिहासाचे आणि पडद्यावरचे पुरावे मांडले गेले. परीक्षण दिग्दर्शकाला उत्तर द्यायला भाग पाडतं, तेव्हा त्यानं आपलं काम पूर्ण केलेलं असतं.

सगळे बदल कथानकात दिसतात असं नाही. काही बदल इतके मूलभूत असतात की फरकांच्या यादीत ते येतच नाहीत. मिलिंद बोकील यांच्या 'शाळा' या कादंबरीचं उदाहरण घेऊ. आणीबाणीच्या काळातली गोष्ट, नववीतला मुकुंद जोशी आणि त्याला आवडणारी शिरोडकर. कादंबरी पहिल्यापासून शेवटपर्यंत मुकुंदच्या तोंडची आहे. शिरोडकर वाचकाला दिसते ती मुकुंदला दिसेल तेवढीच. ती मागे वळून पाहते तेव्हा ते त्याच्यासाठी होतं की नाही, हे तोच ठरवतो आणि त्याच्या ठरवण्यावर किती विश्वास ठेवायचा ते वाचक ठरवतो. कादंबरीचा सगळा गोडवा आणि तिच्यातली सगळी हुरहुर या अनिश्चिततेत आहे.

सुजय डहाके यांचा 'शाळा' २०१२ मध्ये पडद्यावर आला. त्याच्या पटकथेसाठी अविनाश देशपांडे निगडी यांना आधारित पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. प्रसंगांच्या पातळीवर चित्रपट कादंबरीच्या बराच जवळ आहे, त्यामुळे फरकांची यादी करू पाहणाऱ्याच्या हाती फारसं लागत नाही. पण कॅमेरा शिरोडकरकडे वळला की ती एकट्या मुकुंदची उरत नाही. केतकी माटेगावकरचा चेहरा आपल्या सगळ्यांसमोर असतो आणि त्या चेहऱ्यावरचं हसू आपण स्वतः वाचतो. मुकुंदच्या मनातली शंका आपल्यापुरती फिटते. बदल्यात आपल्याला खऱ्या वयाची मुलं मिळतात, त्यांचे कोवळे आवाज आणि अवघडलेले हातपाय मिळतात. प्रौढ लेखकानं कितीही कौशल्यानं लिहिलं तरी मुकुंदच्या निवेदनामागे एक जाणता माणूस उभा असतो. पडद्यावरच्या मुलाच्या मागे तसं कुणी उभं नसतं. कथा कुणी सांगितली आणि चित्रपटात ती कोण पाहतं, हा प्रश्न म्हणून प्रत्येक परीक्षकानं सर्वांत आधी विचारावा. पडद्यावर कधीही न आलेल्या नुसत्या कथेचं परीक्षण करतानाही तो तितकाच कामी येतो.

दोन मूळ कृती एकत्र केल्या जातात तेव्हा माग काढणं अधिक रंजक होतं. अकिरा कुरोसावा यांचा 'राशोमोन' १९५० चा. खुनाची हकीकत त्यांनी जपानी कथाकार अकुतागावाच्या १९२२ च्या 'इन अ ग्रोव्ह' या कथेतून घेतली आणि पावसातली मोडकी वेस त्याच लेखकाच्या १९१५ च्या 'राशोमोन' या कथेतून. पहिल्या कथेत एकामागून एक जबान्या येतात, शेवटी मृताचा आत्माही बोलतो, आणि लेखक काहीही निकाल न देता थांबतो. त्यातला लाकूडतोड्या केवळ प्रेत पाहिल्याचं सांगणारा एक साक्षीदार आहे. कुरोसावांनी त्याला घटना प्रत्यक्ष पाहिलेला माणूस केलं, खोटं बोलायला लावलं आणि अखेरीस टाकून दिलेलं एक तान्हं मूल त्याच्या हातात दिलं. एका साक्षीदाराचं बदललेलं स्थान पाहत गेलं की कळतं, कथेचा प्रश्न सत्य कळतं का हा होता. चित्रपटाचा प्रश्न आहे तो सत्य कळत नाही हे पटल्यावर माणसावर विश्वास कसा ठेवायचा, हा.

'सिंहासन'मध्येही असाच एक साक्षीदार आहे. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्या विजय तेंडुलकरांनी एका पटकथेत आणल्या. मंत्रालय, कामगार चळवळ, तस्करी आणि झोपडपट्टी हे सगळे धागे ज्याच्या नजरेसमोर जुळत जातात तो पत्रकार दिगू टिपणीस चित्रपटाचा कणा झाला. निळू फुले यांना मराठी प्रेक्षक तोवर मुख्यतः खलनायक म्हणून ओळखत होता. त्या माणसाला सगळं पाहणारा आणि काहीही बदलू न शकणारा वार्ताहर करणं, हा पात्रनिवडीतून केलेला अर्थाचा निर्णय होता. पात्रनिवड हाही मूळ कृतीवरचा अभिप्राय असतो आणि परीक्षणात त्याची दखल 'अमुक यांनी भूमिका छान वठवली' या वाक्याच्या पलीकडे जाऊन घ्यायला हवी.

जे दिसतं त्यातला निर्णय कोणता आणि त्या काळाची रीत कोणती, हे वेगळं करणंही शिकावं लागतं. 'श्यामची आई'वर दोन चित्रपट आहेत, अत्र्यांचा १९५३ चा आणि सुजय डहाके यांचा २०२३ चा. दोन्ही कृष्णधवल आहेत. १९५३ मध्ये मराठी चित्रपट कृष्णधवल असणं ही सर्वसाधारण गोष्ट होती, त्यावरून अत्र्यांच्या दृष्टीबद्दल काही अनुमान काढता येत नाही. २०२३ मध्ये रंग हाताशी असताना ते नाकारणं हा दिग्दर्शकाचा निर्णय आहे आणि त्याची चर्चा झालीच पाहिजे. तंत्र, खर्च, चित्रपटाची प्रचलित लांबी, गाण्यांची अपेक्षा, सेन्सॉर, या गोष्टींची जाण नसेल तर परीक्षक मर्यादेला कल्पकता समजतो आणि कल्पकतेकडे चूक म्हणून बोट दाखवतो.

आता कामाच्या पद्धतीबद्दल थोडं. कथा चित्रपटाआधी वाचावी, आणि वाचून झाल्यावर आपलं वाचन कागदावर उतरवावं. ही पात्रं मला कशी दिसली, मला कुठे थांबावंसं वाटलं, शेवट पटला का. हे टिपण आधी करणं फार महत्त्वाचं आहे, कारण चित्रपट पाहिल्यावर ते वाचन पुसलं जातं. आज 'सिंहासन' वाचायला घेणाऱ्याला दिगूच्या जागी निळू फुले दिसू नयेत, हे जवळजवळ अशक्य आहे.

चित्रपट शक्यतो दोनदा पाहावा. पहिल्यांदा सामान्य प्रेक्षकासारखा, आणि दुसऱ्यांदा वही घेऊन. वहीत मतं लिहू नयेत, दिसलेलं आणि ऐकू आलेलं लिहावं. 'कुंकू' पाहताना 'संगीत प्रभावी' असं टिपणारा विद्यार्थी आणि 'पार्श्वसंगीत नाही, घरातले आणि रस्त्यावरचे आवाजच वापरले आहेत' असं टिपणारा विद्यार्थी यांच्यात फार मोठं अंतर आहे. दुसऱ्याच्या हाती लेख लिहिण्याजोगा पुरावा आहे. चित्रपटातल्या वृद्ध नवऱ्याच्या, काकासाहेबांच्या घरातल्या भिंतीवरच्या जुन्या घड्याळाकडे त्याचं लक्ष जाईल, त्यांच्या उरलेल्या आयुष्याशी ते कसं जोडलं आहे हे तो पाहील, आणि कादंबरीकाराला जे शब्दांनी करावं लागलं असतं ते इथे एका वस्तूनं कसं केलं, याबद्दल त्याला काहीतरी सांगता येईल.

श्रेय आणि दोष योग्य माणसाच्या पदरात टाकावेत. पटकथा कुणाची, संवाद कुणाचे, छायालेखन कुणाचं, संकलन कुणाचं, हे श्रेयनामावलीतून नीट उतरवून घ्यावं. दिग्दर्शकाच्या नावावर सगळं खपवण्याची सवय आपल्याला लागली आहे आणि तिच्यामुळे आपल्याकडच्या पटकथाकारांवर मोठा अन्याय झाला आहे.

कथानकाचा सारांश लेखाच्या पाव भागापेक्षा अधिक नसावा. वाचकानं कथा वाचलेली नाही आणि चित्रपटही पाहिलेला नाही, असं धरून त्याला संदर्भ लागेल इतपतच सांगावं. शेवट उघड करायचा का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. चित्रपट चित्रगृहात असताना आठवड्याच्या स्तंभात लिहिणाऱ्यानं तो राखावा, हे सौजन्य आहे. पण रूपांतराची समीक्षा करणाऱ्या दीर्घ लेखात शेवटाला हात न लावता काहीच बोलता येत नाही. अशा वेळी पहिल्याच परिच्छेदात वाचकाला तसं सांगावं आणि मग मोकळेपणानं लिहावं.

आणखी दोन पथ्यं सांगतो. चित्रपट मूळ कथेच्या कुबड्यांशिवाय उभा राहतो का, हे परीक्षणात स्वतंत्रपणे सांगितलं पाहिजे. कादंबरी वाचलेल्यालाच कळेल असा प्रसंग कितीही निष्ठेनं चित्रित केलेला असला तरी तो कच्चाच असतो. दुसरं, दिग्दर्शकाच्या मनात काय होतं याबद्दल ठाम विधानं करण्याचा मोह टाळावा. मनातलं आपल्याला ठाऊक नसतं. पडद्यावर काय आहे आणि त्याचा परिणाम काय होतो, एवढं मात्र आपण खात्रीनं सांगू शकतो.

या पुस्तकातले लेख याच पद्धतीनं लिहिले आहेत. प्रत्येक लेखात एक कथा किंवा कादंबरी आहे, तिच्यावरचा चित्रपट आहे आणि दोहोंमधला एक बदल आहे. लेखांचा क्रम काळाप्रमाणे लावलेला नाही. सुरुवातीला सहज दिसणारे बदल आहेत, शेवट बदलणं, पात्र वाढवणं, दोन कृती जोडणं. पुढे निवेदक, काळ, आवाज, स्तब्धता यांसारख्या सूक्ष्म गोष्टींकडे वाचकाला नेलं आहे. लघुकथेवरचे आणि कादंबरीवरचे चित्रपट वेगळ्या विभागांत ठेवले आहेत, कारण लघुकथेत भर घालावी लागते आणि कादंबरीला कात्री लावावी लागते. या दोन कामांची कसोटी एक असू शकत नाही. लेख वाचण्याआधी त्या त्या लेखातली कथा वाचावी आणि चित्रपट पाहावा, एवढी विनंती आहे. बहुतेक पुस्तकं गावोगावच्या ग्रंथालयांत मिळतात आणि बरेचसे चित्रपट आज घरबसल्या पाहता येतात.

ज्या विद्यार्थ्यांनी आपले लेख माझ्याकडे वाचायला दिले आणि माझ्या मतांशी हिरिरीनं वाद घातला, त्यांचा मी ऋणी आहे. या पुस्तकातले काही निष्कर्ष त्या वादांतूनच घडले. हस्तलिखित वाचून प्रत्येक प्रसंगाचा पुरावा मागणाऱ्या मित्रांचेही आभार मानायला हवेत. त्यांच्यामुळे कित्येक सैल विधानं गळून पडली.

वाचकांकडून माझी अपेक्षा सहमतीची नाही. 'शतरंज के खिलाड़ी'चा शेवट राय यांनी बदलायला नको होता, असं ज्याला वाटतं त्यानं कथा आणि चित्रपट पुन्हा समोर घ्यावेत, आपल्या बाजूचे प्रसंग शोधावेत आणि माझं म्हणणं खोडून काढणारा लेख लिहावा. आपल्याकडे कथा वाचणारे आहेत, चित्रपटांवर जीव टाकणारे आहेत आणि दोन्हींवर तासन्‌तास बोलणारेही आहेत. ते बोलणं पुराव्यासह कागदावर आलं, तर मराठी समीक्षेला चित्रपटाच्या रूपानं मोठं आणि कसदार क्षेत्र मिळेल. ते काम करायला निघालेल्यांच्या हाती हे पुस्तक मी विश्वासानं देत आहे.